नव्या पाहुण्यास आधी वाढण्याबाबत

गुरुवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी मी तो दोष दुरुस्त केला आणि खालच्या मजल्यावरचं लग्न कायमचं बंद पडलं.

हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. मीही लिहिलेलं नाही. दोष अजून जागेवर आहे, लग्न जोरात चालू आहे आणि घड्याळात चार वाजून नऊ मिनिटं झालीत. पुढची सगळी गोष्ट त्या एका मिनिटात बसवायची आहे, तेव्हा जरा सरकून बसा.

मी धवल. कळंब्यात तळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमची तीन मजली इमारत आहे, तिच्या दुसऱ्या मजल्यावर मी एकटा राहतो. एकटं राहायचा बेत नव्हता. थोरली बहीण सईताई बाळंत झाली तेव्हा आईबाबा तिच्याकडे ठाण्याला गेले, तीन महिन्यांसाठी. ते बाळ आता शाळेत जातं, डब्यात काय हवं ते स्वतः सांगतं, आणि तीन महिने अजून संपायचे आहेत.

मी घरून काम करतो. काम काय, ते एकदाच सांगतो. कॉम्प्युटरमध्ये साउंड सर्व्हर नावाचा एक प्रोग्राम असतो. तुम्ही गाणं लावा, मीटिंगला बसा, सिनेमा बघा, सगळे आवाज आधी त्याच्याकडे जातात आणि कुठला आवाज कुठल्या स्पीकरला द्यायचा ते तो ठरवतो. थोडक्यात पंगतीतला वाढपी. हातात बादली, समोर पानं. एक पान लॅपटॉपच्या स्पीकरचं, एक हेडफोनचं, एक टीव्हीचं. आता मसालेभात वाढता वाढता समोरचा माणूस उठूनच गेला, म्हणजे कोणी हेडफोनची वायर उपटली, तर? किंवा मध्येच नवा माणूस येऊन मांडी घालून बसला तर? अशा वेळी वाढप्यानं बादली घेऊन कुणाकडे वळायचं, एवढंच ठरवणं माझं काम. चार वर्षं मी दुसरं काही केलेलं नाही.

पंगतीत कोणीच उरलं नाही तर सर्व्हर स्वतःच एक खोटं पान मांडतो. त्याला डमी म्हणतात. आवाज त्या पानावर पडत राहतो, कुणाच्याही कानात जात नाही, पण गाणं वाजवणाऱ्या प्रोग्रामला वाटतं, लोक ऐकतायत. त्याला वाईट वाटू नये म्हणून ही सोय. मला ही सोय फार आवडते. मी पुष्कळ रविवार याच तत्त्वावर काढले आहेत.

दीड वर्षापूर्वी एक प्रश्न माझ्याकडे आला. एखादं ओळखीचं डिव्हाइस अचानक येऊन जोडलं गेलं, तर चालू आवाज त्याच्याकडे वळवायचा की वापरणारा सांगेपर्यंत थांबायचं? टीममधले बाकीचे म्हणाले, थांबायचं. मी कोल्हापूरचा. दारात पाहुणा आला आणि 'तुम्हाला वाढू का' असं विचारून मी त्याला ताटकळत ठेवलं, तर आई खास ठाण्याहून येऊन मला घराबाहेर काढेल. मी नियम लिहिला: नव्या पाहुण्याला आधी वाढा, विचारत बसू नका. कारण द्यायच्या रकान्यात लिहिलं, 'हे उघड आहे.' आमच्या प्रमुख प्रमोदिनी मॅडम बेंगळुरूला असतात. त्या दिवशी त्यांच्यापुढे अजून एकशे चाळीस गोष्टी मंजुरीला होत्या. त्यांनी हीही मंजूर केली.

डिव्हाइस तपासायचं तर काहीतरी वाजवून बघावं लागतं. मी सईताईच्या लग्नातल्या जेवणाच्या पंगतीचं रेकॉर्डिंग वाजवतो. फोन पानाशेजारी ठेवून केलेलं, चाळीस मिनिटांचं. त्यात बारीक आवाज आहेत, जाड आहेत, लांबचे आहेत, भांडी आहेत, मावशीचा खोकला आहे. तांत्रिकदृष्ट्या उत्तम नमुना. म्हणून मी ते दिवसभर लावतो. जेवतानाही लावतो. तेही तांत्रिक कारणासाठीच.

मार्चमध्ये पहिल्या मजल्यावर हंबीरराव राहायला आले. वय चौऱ्याहत्तर, कागलकडचे, शेती पुतण्याकडे सोपवलेली. मुलगा सम्राट कॅनडात. त्यानं हा फ्लॅट कधीचा घेऊन ठेवला होता. तानाबाई, म्हणजे हंबीररावांच्या मंडळी, वारल्यावर त्यानं वडलांना गावातून उचलून इथं आणून ठेवलं. इथून दवाखाना जवळ, हे कारण. आठवड्याभरात ते हातात एक डबी घेऊन वर आले. सम्राटनं कानाचं यंत्र पाठवलं होतं, ब्लूटूथचं, स्मार्टफोनला जोडायचं. हंबीररावांचा फोन बटणांचा. मला म्हणाले, पावणं, हे चालतंय का तेवढं बघा. ते आठ दिवसांपूर्वी आलेले, मी इथं सोळा वर्षं राहतोय, पण पावणं मी.

मी यंत्र माझ्या लॅपटॉपला जोडलं आणि लग्नाचं एक मिनिट ऐकवलं. त्यांचा चेहरा हळूहळू खुलला. येतंय म्हणाले, लई झ्याक येतंय. मग डबी खिशात घालून जिना उतरले. जोडणी काढून टाकायला मी विसरलो. त्या यंत्राला साऱ्या जगात ओळखीचा एकच उरला, माझा लॅपटॉप. आणि ओळखीचा पाहुणा दिसला की काय करायचं, हे माझ्या लॅपटॉपला मीच शिकवून ठेवलेलं.

पुढे काय झालं ते तुम्हाला कळलंच असेल. मला कळायला अकरा आठवडे लागले.

लॅपटॉपचा आवाज जायला लागला. लग्न चालू आहे, पडद्यावर रेघ पुढे सरकतेय आणि खोलीत चिडीचूप. डिव्हाइसची यादी बघायला हवी होती. बघितली. तिच्यात माझी तपासणीची त्रेचाळीस डिव्हाइसं आहेत; त्यातलं एक लांबलचक नंबराचं जोडलेलं दिसायचं. मला वाटायचं, कपाटातलं काहीतरी चालू राहिलं असेल. मी तीनदा कपाट आवरलं. मीटिंगमध्ये मॅडमची पहिली पाच मिनिटं गायब व्हायची. मी मान हलवत राहायचो आणि मग हेडफोन काढून परत घालायचो, की आवाज यायचा. हेडफोनही नवा पाहुणाच ना. त्या पाच मिनिटांत मॅडम काय म्हणायच्या ते मला अजून माहीत नाही, आणि माझ्या कामात त्यानं काही फरक पडला नाही.

मी तक्ता केला. सकाळी आठ ते साडेनऊ आवाज नाही. दुपारी साडेबारा ते दोन नाही. संध्याकाळी सहानंतर बहुतेक नाहीच. रविवारी मात्र सगळं सुरळीत. अहवालात मी लिहिलं, 'दोषाला रविवारची सुट्टी असते.' आवाज गेला तरी मी लग्न बंद करत नसे, दोष आपण होऊन कधी जातो ते बघायचं होतं. त्यामुळे माझं जेवण अगदी शांततेत व्हायचं आणि समोर पडद्यावर पंगत चाललेली दिसायची.

जूनच्या सुरुवातीला दूध घेऊन जिना चढत होतो. हंबीरराव दारातच उभे होते, बहुतेक बऱ्याच वेळचे.

"पावणं, एक इचारू का? राग मानू नका. त्या माणसाला मीठ मिळालं का शेवटी?"

कुठल्या माणसाला, असं मी विचारलं.

"लग्नातल्या. सारखा मीठ मागतोय की त्यो. सात येळा मागतोय. पयल्यांदा नीट मागतोय, मग जरा चिडतोय, मग आपलं गरिबागत म्हनतोय, मीठ तेवढं. आनि तितंच बंद हुतंय तुमचं."

मी दुधाची पिशवी धरून उभा राहिलो. ते रेकॉर्डिंग मी नऊशे वेळा तरी ऐकलं असेल. मला तो माणूस माहीतच नव्हता. मला त्यात आवाज कुठून कुठं जातो तेवढंच ऐकू यायचं. वर जाऊन, आवाज परत माझ्याकडे खेचून घेऊन मी शेवटची अकरा मिनिटं ऐकली. होता. सात वेळा.

मग सगळं बाहेर आलं. हंबीररावांना पंगत पाठ होती. खोकणारी मावशी कुठल्या बाजूला बसलीय, नको नको म्हणत चार जिलब्या कुणी घेतल्या, मठ्ठा आधी कुठल्या रांगेत संपला, सगळं. सकाळी आठला ते यंत्र कानात घालत, दुपारी जेवताना घालत, संध्याकाळी घालत. रविवारी जोतिबाला जात. यंत्रातून लग्न येतं, त्याअर्थी ते यंत्रातच असणार, असं त्यांना पहिला आठवडाभर वाटलं. मग एकदा त्यांनी मला वरून लग्न मागं नेताना ऐकलं. म्हणजे नवरदेवाचे काका बोलता बोलता अर्ध्यावरून परत पहिल्यापासून बोलायला लागले. तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की हे वरच्या पावण्याचं आहे.

मला सांगितलं का नाही, असं मी विचारलं.

"सांगितलं असतं तर तू बंद केलं असतंस की." 'पावणं' संपून 'तू' सुरू झालेलं आम्हा दोघांच्याही लक्षात आलं नाही. "यंत्र चांगलं हाय. टाचणी पडल्याली ऐकू येती. पर घरात टाचणी पाडायला तर कोन पायजे का नको?"

त्यांची माझ्याबद्दल एक तक्रार होती. त्या मॅडम बाई एवढं विचारतात आणि मी एकाही प्रश्नाला उत्तर देत नाही. इंग्लिश त्यांना कळत नाही, पण चिडलेली बाई कळते, असं म्हणाले. मग मी त्यांना समजावलं की स्पीकरकडे फक्त बाहेरून येणारा आवाज जातो. माझा आवाज माइकमधून दुसऱ्या वाटेनं जातो. म्हणून तुम्हाला सगळे ऐकू येतात, एक मी सोडून.

हंबीररावांनी पुढचा प्रश्न काढला.

"आनि लग्नात? लग्नात बी तू कुठं न्हाईस."

"लग्नात मी रेकॉर्ड करत होतो, आबा."

"म्हंजे तितं बी गप्पच."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला चहाला बोलावलं. मी गेलो. त्यांनी मला खुर्ची दिली आणि घरात माणूस आलाय, आता यंत्र कशाला, असं म्हणून यंत्र काढून चार्जिंगला लावलं. पुढची वीस मिनिटं आम्ही समोरासमोर बसलो. मी जे विचारलं त्याची उत्तरं मिळाली नाहीत, न विचारलेल्या पुष्कळ गोष्टींची मिळाली. तानाबाई चुलीशी बसून एकट्याच बोलायच्या, भाकरीशी, तव्याशी, मांजराशी, हे त्यातच कळलं. तेव्हा हंबीररावांना वैताग यायचा. मग दोघंही भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसलो. वर आलो, लॅपटॉप उघडला आणि पाचव्या मिनिटाला माझा आवाज खाली गेला. मला हायसं वाटलं. आम्ही दोघं एकमेकांना सोबत करण्यात अगदी तरबेज आहोत, फक्त मध्ये एक स्लॅब लागतो.

त्यानंतर या विषयावर आम्ही बोललो नाही. मी रोज बरोबर आठला लग्न लावत होतो, पण ते तपासणीसाठी.

हे असं तीन आठवडे चाललं. मग कुठल्या तरी देशात एका दातांच्या डॉक्टरचं बायकोशी फोनवर भांडण चालू असताना त्याच्या दवाखान्यातला बाहेरचा स्पीकर चालू झाला. नवा पाहुणा. आमच्या सर्व्हरनं त्याला तत्काळ वाढलं. बाहेर बसलेल्या सात पेशंटनी सगळं ऐकलं आणि दरवाजा उघडून बायकोची बाजू घेतली. डॉक्टरनं तक्रार केली. ती वाचून अशा आणखी एकतीस तक्रारी आल्या. प्रमोदिनी मॅडमनी माझा दीड वर्षापूर्वीचा नियम शोधून काढला आणि 'हे उघड आहे' हे वाक्य मीटिंगमध्ये सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. ते मला ऐकू आलं नाही. हंबीररावांना आलं.

गुरुवारी नवी आवृत्ती बाहेर पडणार होती, तोवर नियम काढायचा असं ठरलं. मी पंगतीचा मुद्दा मांडून बघितला. मॅडम शांतपणे म्हणाल्या की हा पाहुणचाराचा नाही, लोकांच्या खाजगीपणाचा प्रश्न आहे. निदान ज्यांना हवा त्यांच्यासाठी कुठंतरी एक बटण ठेवू, असं मी म्हटलं. त्या म्हणाल्या, प्रत्येक बटण आयुष्यभर तपासत बसावं लागतं, ते कोण तपासणार? मी म्हणणार होतो, मी. पण ते फार पटकन म्हणावंसं वाटलं, म्हणून गप्प बसलो. जुनी आवृत्ती ठेवून द्यायचीही सोय नव्हती. लॅपटॉप ऑफिसचा, तो नवी आवृत्ती स्वतःच घेतो.

बुधवारी संध्याकाळी खाली जाऊन मी हंबीररावांना सगळं सांगितलं, यंत्र त्यांच्या कानात असताना. घाबरायचं कारण नाही, असंही सांगितलं. उद्यापासून लग्न आपोआप येणार नाही, पण मी रोज सकाळी यादीतून तुमचं यंत्र हातानं निवडीन. एक बटण दाबायचं, संपलं.

त्यांनी मान हलवली. होकाराची नव्हती.

"न्हाय. आपोआप येत हुतं तवर ते माजं नशीब हुतं. आता तू रोज उटून मुद्दाम लावनार म्हंजे ती तुजी ड्युटी झाली. मग मला बी ऐकायला लागनार, कंटाळा आला तरी. तू वर ड्युटी करनार, मी खाली ड्युटी करनार. कशाला?"

मी उठलो. निघताना ते मागून म्हणाले, "तेवढं मीठ ऱ्हायलंच बघ त्याचं."

गुरुवारी सकाळी मी ऑफिसचं काम बाजूला ठेवलं आणि माइक समोर घेतला. मला लग्नात जायचं होतं, वाढपी म्हणून. 'घ्या, मीठ' एवढंच म्हणायचं, पण चार वर्षं आवाज वाहून नेणाऱ्या माणसाला स्वतःचा कुठला वापरायचा ते सुचेना. पहिल्या वेळी मी बँकेतून फोन आल्यासारखा वाटलो. पाचव्या वेळी माफी मागितल्यासारखा. चौदाव्या वेळी जमलं. दुपारी ते मी रेकॉर्डिंगच्या अगदी शेवटी, त्या माणसाच्या सातव्या हाकेनंतर जोडलं. मागची भांडी थोडी पुढे घेतली, माझा आवाज थोडा मागे नेला, जेणेकरून मी आधीपासूनच तिथं होतो असं वाटावं.

नियम काढायचं काम त्याआधीच तयार होतं. फक्त शेवटचं बटण दाबायचं बाकी होतं. यादी उघडली. लांबलचक नंबराचं डिव्हाइस जोडलेलं दिसत होतं. बरोबर साडेतीनला मी लग्न पहिल्यापासून लावलं. आवाज लगेच खाली गेला. मी शांततेत बसून सरकणारी रेघ बघत राहिलो. मठ्ठा संपला असेल. मावशी खोकली असेल. चौथी जिलबी. तीन वाजून एकोणसाठ मिनिटांनी पहिलं मीठ. मग दुसरं. बरोबर चार वाजून नऊ मिनिटांनी खाली, स्लॅबच्या पलीकडे, मी म्हणालो असेन:

"मीठ आलं, मीठ. हां पावणं, घ्या."

रेघ संपली. चार वाजून दहा मिनिटं झाली. मी बटण दाबलं आणि चपला न घालता खाली गेलो.

हंबीरराव बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसले होते, हात मांडीवर ठेवून, गाडीची वाट बघत बसतात तसे. यंत्र टीव्हीजवळ होतं. चालू होतं, त्याचा बारीक हिरवा दिवा लागलेला. कानात नव्हतं. मला बघून ते जरा ओशाळले. म्हणाले, सकाळीच काढून ठेवलंय, आजपासनंच सवय करायची म्हटलं. बंद करायला तेवढं जिवावर आलं.

चाळीस मिनिटं पंगत टीव्हीच्या टेबलावर चालली होती. वाढपी खरा, मीठ खरं, पान मात्र खोटं.

"मिळालं, आबा," मी म्हणालो. "त्याला मीठ मिळालं."

त्यांनी कानामागे हात धरला. "आँ?"

"काही नाही."

त्यांनी मान डोलावली आणि चहा ठेवायला आत गेले. मी यंत्र उचलून कानाशी धरलं. त्यात काही नव्हतं. कॅलेंडरकडे बघत चहा प्यालो, वर आलो आणि तक्रारी नोंदवायच्या ऑफिसच्या पानावर खालील अर्ज केला. मराठीत केला. तिथं मराठी वाचणारा मी एकटाच आहे.

'प्रति, साउंड सर्व्हरची देखभाल करणारे सर्व संबंधित.

विषय: मौजे कळंबा येथील एका इमारतीपुरता जुना नियम चालू ठेवण्याबाबत.

उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, सदर इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरील लॅपटॉप व पहिल्या मजल्यावरील कर्णयंत्र यांस नवीन नियमातून वगळण्यात यावे. आवाज आपोआप जावा. तो कोणी मुद्दाम पाठवीत आहे असे कोणत्याही टप्प्यावर निदर्शनास येऊ नये, खुद्द अर्जदाराच्याही नाही. तसेच दिनांक वरीलप्रमाणे, दुपारचे चार वाजून दहा मिनिटे ही वेळ रद्द समजण्यात येऊन चार वाजून नऊ मिनिटांस पुढील आदेशापर्यंत मुदतवाढ मिळावी, जेणेकरून संबंधित ज्येष्ठ नागरिकास यंत्र कानात घालण्यास पुरेसा अवधी उपलब्ध होईल व वाढलेले मीठ वाया जाणार नाही.'